धोटा: शंभर घरांच्या पटावरचा नवा मोहरा

बुद्धिबळाचा पट मोठा करायला बसले की पहिला मोह होतो तो बलदंड मोहरा घडवण्याचा. हत्तीला घोड्याची उडी द्यावी, उंटाला द्यावी, तेवढ्याने भागले नाही तर वजिरालाच द्यावी. सिसिलीच्या पिएत्रो कॅरेराने १६१७ साली हेच केले. त्याने पट आठाऐवजी दहा घरे रुंद केला आणि हत्ती-घोडा व उंट-घोडा असे दोन जोडमोहरे त्यावर बसवले. १८७४मध्ये इंग्लंडच्या हेन्री बर्डने आणि १९२०च्या दशकात खुद्द जगज्जेत्या कापाब्लांकाने तेच दोन मोहरे पुन्हा पटावर आणले. अव्वल खेळाडूंचे डाव पुढे बरोबरीतच सुटत राहतील, ही कापाब्लांकाची धास्ती होती. १९८४मध्ये नेदरलंड्सच्या ख्रिस्तियान फ्रीलिंगने दहा बाय दहाच्या पटावर याच जोडीचा खेळ रचला. या घराण्यातला तोच सर्वांत नेटका. पण मोहरे तेच. चार शतके ही मंडळी असलेल्या चालींची बेरीज करत राहिली.

मला वजाबाकी अधिक मोलाची वाटते. मोहऱ्याचा जीव त्याच्या उणिवेत असतो. घोडा अडीच घर उडतो हे सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याला खरा घोडा बनवते ती वेगळीच गोष्ट: प्रत्येक उडीत त्याच्या घराचा रंग बदलतो, म्हणून एखादी चाल फुकट घालवून पाळी समोरच्याच्या गळ्यात टाकणे त्याला एकट्याला जमत नाही. उंटाला निम्मा पट जन्मभर दिसत नाही. प्याद्याला मागे फिरता येत नाही, आणि अख्ख्या डावाचा आकार त्या एका मनाईतून ठरतो. नवा मोहरा घडवणाऱ्याने म्हणून आधी विचारावे: याला काय करता येणार नाही? या प्रकरणात भिवंडीच्या मागावरून उचललेला एक मोहरा, धोटा, आपण याच प्रश्नाने घडवणार आहोत. त्याआधी मोठ्या पटांचा मागचा हिशेब पाहायला हवा, कारण त्यातली निम्मी उत्तरे आपल्याच मुलखात पडून आहेत.

पश्चिमी चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये चतुरंगाला जागा आहे. पैठणहून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात ‘नीतिमयूख’ लिहिला, त्यातही बुद्धिबळाचे विवेचन आहे. आणि १८१४ साली मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्याचा मूळ संस्कृत ग्रंथ ‘विलासमणिमंजरी’ दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने लिहिला गेला होता. म्हणजे पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत इथला खेळ युरोपी वाचकापर्यंत गेला, आणि जाताना युरोपी चालींशी जुळवून घेत गेला.

देशी खेळाचे नियम निराळे होते. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह लागलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी घेता येई. पलीकडे पोचलेले प्यादे सरसकट वजीर होत नसे, तर ज्या उभ्या ओळीत पोचले तिच्या मूळ धन्याचे रूप घेई: हत्तीच्या ओळीत हत्ती, घोड्याच्या ओळीत घोडा. प्याद्याने दिलेली मात, प्यादेमात, ही सर्वांत मानाची. या नियमांवर वाढलेला पंजाबचा सुलतान खान पुढे विलायतेला गेला आणि १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आला. देशी नियम म्हणजे कच्चा खेळ, असे मानणाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी.

प्याद्याच्या बढतीचा तो देशी नियम मोठ्या पटासाठी फार कामाचा आहे. पट रुंद झाला की प्याद्यांची नुसती रांग उरते, दहा-बारा सारखी, चेहरा नसलेली. पण प्रत्येक प्याद्याचे पुढचे रूप उभ्या ओळीने ठरलेले असेल तर सातव्या ओळीतले प्यादे आणि तिसऱ्या ओळीतले प्यादे यांची किंमत पहिल्या चालीपासून वेगळी होते. कॅस्टीलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ साली पुऱ्या केलेल्या खेळांच्या ग्रंथात बारा बाय बाराचा एक पट आहे, आणि तो खेळ हिंदुस्थानातून आल्याचे तिथे म्हटले आहे. त्यातही प्यादे ओळीच्या मोहऱ्याचे रूप घेते. १३९८ साली दिल्ली लुटणाऱ्या तैमूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पटावर तर एकशे बारा घरे आणि अकरा प्यादी, आणि प्रत्येक प्यादे आपापल्या मोहऱ्याचे.

अल्फोन्सोच्या पटावर एक पंखवाला मोहरा आहे. तो आधी एक घर तिरपा जातो आणि तिथून सरळ हवा तितका धावतो. वाचताना हा वजिरापेक्षा दांडगा वाटतो. पण त्या पहिल्या तिरप्या घरात कुणी उभे असेल तर त्या बाजूची सगळी वाट बंद. एक साधे प्यादे शेजारी येऊन त्याचा एक पंख छाटते. अशी उणीव मुद्दाम कोरलेली दिसली की रचनाकाराला खेळ कळत होता, हे ओळखावे.

त्याच पटावर मगरीच्या नावाचा एक मोहरा होता, तो तिरपा हवा तितका जाई. जर्मनीत तेराव्या शतकापासून बारा बाय आठच्या पटावर एक खेळ खेळला जाई, त्यातल्या जासुदाचीही हीच चाल. १५०८च्या सुमाराला लुकास फान लायडन या डच चित्रकाराने रंगवलेल्या चित्रात हाच लांबोडका पट मधोमध दिसतो. त्या काळी युरोपच्या साध्या पटावर उंटाच्या जागचा मोहरा तिरपा दोनच घरे उडत असे. म्हणजे आज पोरेसोरेही सहज खेळतात ती उंटाची लांब तिरकी चाल मोठ्या पटांवर दोन-अडीच शतके मुरली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस चौसष्ट घरांवर आली. मोठा पट ही नुसती हौस नव्हे, याला यापेक्षा भक्कम पुरावा मला ठाऊक नाही.

आता थोडे गणित. रिकाम्या पटावर हत्ती कुठेही उभा केला तरी आठ बाय आठमध्ये १४ घरांवर मारा करतो, बारा बाय बारामध्ये २२ घरांवर. उंटाची सरासरी पावणेनऊवरून चौदावर जाते. घोड्याची मात्र सव्वापाचवरून जेमतेम सहावर. एकूण घरांच्या मानाने पाहिले तर घोडा आठ टक्क्यांवरून चार टक्क्यांवर घसरतो. त्याची निम्मी ताकद पटाने खाल्ली. प्याद्याचे हाल याहून वाईट. दुसऱ्या ओळीतून निघून शेवट गाठायला त्याला सहाऐवजी दहा घरे तुडवावी लागतात. म्हणून अल्फोन्सोने प्यादी चौथ्या ओळीत मांडली, फ्रीलिंगने तिसऱ्या. पट मोठा करायचा, पण दोन सैन्यांमधली मोकळी जमीन चार ओळींपेक्षा फार वाढू द्यायची नाही, हे धोरण मला पटते. त्यासाठी दहा बाय दहा हा आकार नेमका पडतो: तिसऱ्या आणि आठव्या ओळीत प्यादी, मध्ये चार ओळी मोकळ्या, अगदी नेहमीच्या पटासारख्या.

आणि आता भिवंडी. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याणबरोबर घेतलेले कामवारी नदीकाठचे हे गाव आज यंत्रमागांच्या देशातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांत गणले जाते. गोदामे वाढली, धोट्याविना चालणारे रेपियर मागही आले, तरी जुन्या साध्या मागांची खटखट अजून पुष्कळ गल्ल्यांत ऐकू येते. त्या मागावर ताण्याचे उभे धागे भीम नावाच्या रुळावरून येतात. त्यांचे दोन थर वरखाली उघडतात आणि मधल्या फटीतून धोटा आडवा धावतो. लाकडी, दोन्ही टोकांना धातूची चोच, पोटात बाण्याच्या धाग्याची कांडी. एका बाजूच्या पेटीतून तडाखा बसतो, धोटा पलीकडच्या पेटीत जाऊन थांबतो, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. मध्ये थांबायची त्याला मुभा नसते. मध्येच अडकला तर ताण्याचे धागे तटातट तुटतात. आणि प्रत्येक फेरीगणिक कापड एका धाग्याने पुढे सरकते.

या हालचालीत मोहऱ्याची चाल आयती आहे. धोटा आपल्या आडव्या ओळीत डावीकडे किंवा उजवीकडे धावतो, पण मध्ये थांबू शकत नाही. पटाच्या कडेपर्यंत जातो. वाटेत आपला मोहरा असेल तर त्याच्या अलीकडच्या घरात थांबतो. शत्रूचा असेल तर त्याला मारून त्याच्या घरात थांबतो. याखेरीज पुढे किंवा मागे एकच घर सरकतो, तिथे शत्रू असला तर मारतो. तिरपे काहीच नाही.

आडवे कितीही आणि उभे एकच घर, अशी चाल जपानमध्ये शतकानुशतके आहे. चौदाव्या शतकापासून चालत आलेल्या चू-शोगीच्या बारा बाय बाराच्या पटावर तसा मोहरा उभा असतो आणि त्याच्या जोडीला उभा धावणाराही. आपण त्यात घातली ती न थांबण्याची अट. वरवर ती किरकोळ दिसते, पण सगळा फरक तिनेच पडतो. दहा बाय दहाच्या रिकाम्या पटावर हत्ती १८ घरांवर मारा करतो आणि त्याच १८ घरांत जाऊ शकतो. कडेला उभा असलेला धोटा ओळीतली नऊ घरे आणि वर-खालची दोन अशी अकरा घरे धाकात ठेवतो, पण त्याला जाता येते फक्त तीन घरांत: पलीकडची कड, एक वर, एक खाली. मारा रुंद, चाल अरुंद. नेहमीच्या बुद्धिबळात असा मोहराच नाही. तिथे मारा आणि चाल यांच्यात फरक पडतो तो एकट्या प्याद्याच्या बाबतीत.

यातून खेळाडूपुढे नवे काम उभे राहते. धोट्याला पटाच्या मध्यभागी आणायचे तर त्याच्यासाठी पेटी लावावी लागते. समजा पांढऱ्याचा धोटा पाचव्या आडव्या ओळीत डाव्या कडेला आहे आणि पांढऱ्याचेच एक प्यादे त्याच ओळीत डावीकडून सातव्या घरात. धोटा धावला की सहाव्या घरात थांबेल. पुढच्या चालीत तो एक घर वर सरकून सहाव्या ओळीत जाईल आणि तिथून दोन्ही बाजूंना एकदम मारा करील. ते प्यादे धोट्याच्या फेरीआधीच पुढे सरकले असते तर पेटी गेली असती आणि धोटा थेट उजव्या कडेला आदळला असता. प्याद्याची चाल पुढे ढकलायला इतके ठोस कारण साध्या खेळात क्वचितच मिळते.

बचाव करणाऱ्यालाही हत्यार मिळते. जोर असलेले एक प्यादे धोट्याच्या ओळीत आणून ठेवले की ती बाजू बंद. धोट्याला अलीकडे थांबता येत नाही. धावला तर प्यादे मारून स्वतः मरतो. हत्ती अशा प्याद्यासमोर कुठल्याही घरात जाऊन उभा राहिला असता.

मांडणीकडे वळू. सहज सुचते ती अशी: पहिल्या ओळीत नेहमीचे मोहरे पसरायचे, दुसरी ओळ मोकळी ठेवून तिच्या दोन टोकांना धोटे, तिसरीत प्यादी. दिसायला छान. पण एकेका प्याद्यामागचा जोर मोजून पाहावा. प्यादी आणि मोहरे यांच्यात रिकामी ओळ आल्याने काही प्याद्यांना कुणाचाच आधार राहत नाही. नव्या पटाची मांडणी तपासताना ही मोजणी सर्वांत आधी करावी. बिनजोर प्यादे दिसले की सुरुवातीचे सगळे डाव त्याच एका घराभोवती फिरू लागतात.

म्हणून मोहरे दुसऱ्या ओळीत आणू. डावीकडून: सांडणी (हिची चाल पुढे येते), हत्ती, घोडा, उंट, वजीर, राजा, उंट, घोडा, हत्ती, सांडणी. त्यांच्या मागे पहिली ओळ मोकळी, तिच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक धोटा, जणू आपापल्या पेटीत. आता मोजा. पहिल्या प्याद्याला घोड्याचा जोर, दुसऱ्याला हत्तीचा, तिसऱ्याला उंटाचा, चौथ्याला वजिराचा, मधल्या दोघांना राजा आणि वजीर दोघांचा, आणि उजवीकडेही कुणी उघडे नाही. प्रत्येकी बावीस मोहरे, शंभर घरांत चव्वेचाळीस. नेहमीच्या पटापेक्षा वस्ती थोडी विरळ, पण ओसाड नाही.

सांडणी ही तैमूरच्या पटावरून घेतली आहे. घोडा दोन आणि एक असा उडतो, ही तीन आणि एक. मराठेशाहीत तातडीचे लखोटे घेऊन सांडणीस्वार दौडत, ते नाव इथे शोभते. लांब पट कापण्यात ती घोड्याची कमतरता भरून काढते, आणि तिची उणीव चालीतच आहे: तीन अधिक एक म्हणजे चार, सम, त्यामुळे ती जन्मभर एकाच रंगाच्या घरांत राहते. वरच्या मांडणीत एक सांडणी काळ्या घरात पडते, दुसरी पांढऱ्या, हे मुद्दाम जुळवले आहे.

धोट्याची खरी परीक्षा शेवटी. पटावर एका बाजूला राजा आणि धोटा, दुसऱ्या बाजूला एकटा राजा उरला, तर मात होते का? होत नसेल तर मोठ्या पटावर बरोबरीचे डाव साचत जातील. होते, आणि फार देखणी होते. एकट्या राजाला शेवटच्या ओळीपर्यंत रेटायचे. धोटा त्याच्या खालच्या ओळीत कडेला उभा करायचा. ती सगळी ओळ त्याला बंद. आपला राजा त्याच्या समोर, मध्ये एक ओळ सोडून. आता धोटा एक घर वर सरकतो. शेवटच्या ओळीत शह बसतो, खालची तिन्ही घरे आपल्या राजाने धरलेली, बाजूला पळावे तर तीच ओळ माऱ्याखाली. तो राजा धोट्याला लागून नसला की झाले. आणि दोन्ही राजे नीट समोरासमोर नसतील, एक चाल थांबायचे असेल, तर धोट्याला पलीकडच्या कडेला धाडायचे. तो ओळ सोडत नाही, पहारा तसाच राहतो आणि पाळी समोरच्यावर जाते. घोड्याला जे जमत नाही ते इथे धोट्याला जमते.

मागावरून आणखी एक मोहरा सुचतो, गाठ. शेजारच्या घरातल्या शत्रूच्या मोहऱ्यांना ती जागीच खिळवून ठेवील. असा मोहरा अमेरिकेच्या रॉबर्ट ॲबट यांनी १९६२ साली आपल्या अल्टिमा या खेळात आणला होता. खेळ गाजला, पण पुढे ॲबट स्वतःच त्याच्या रचनेवर नाराज राहिले. खिळवणारा मोहरा पटावरची हालचाल मारतो, आणि मोठ्या पटाला मुळात हालचालीचीच चणचण असते. गाठ मी या पटावर घेणार नाही.

बढतीला देशी नियमच लावावा: प्यादे ज्या उभ्या ओळीत पोचेल तिच्या धन्याचे रूप घेईल, राजाच्या ओळीत पोचले तर वजीर होईल. कडेच्या दोन ओळींना सांडणी आणि धोटा असे दोन धनी आहेत, तिथे खेळणाऱ्याने निवड करावी. रिकामा पट असेल तर बहुतेक वेळा धोटाच घ्यावा, मात करण्याची खात्री त्याच्याकडे आहे.

पट करून पाहायचा तर पुठ्ठा, पट्टी आणि बुद्धिबळाचे दोन संच पुरतात. धोट्याच्या जागी रिकाम्या कांड्या उभ्या कराव्यात. सुरुवातीला सांडण्या बाजूला ठेवून खेळावे, म्हणजे एका वेळी एकाच नव्या मोहऱ्याची ओळख होते. डाव लिहून ठेवावेत आणि ते चाळताना दोन गोष्टी पाहाव्यात. धोटे शेवटपर्यंत कोपऱ्यातच बसून राहत असतील तर कडेची प्यादी लवकर सरकवणे खेळाडूंना महाग पडते आहे, असे समजावे. मग त्या प्याद्यांना पहिल्या चालीत दोन घरे द्यावीत. दुसरी शक्यता उलटी. दोन धोटे एका ओळीत समोरासमोर आले की ज्याची पाळी तो मारतो, आणि डाव रंगात येण्याआधीच चारही धोटे पटावरून उतरतात. चू-शोगीत सिंह नावाचा सर्वांत दांडगा मोहरा असाच उतरू लागेल हे ओळखून, दूरच्या आणि जोर असलेल्या सिंहाला सिंहाने मारायचे नाही, असा नियम आहे, काही अपवाद सोडून. तोच इथे लावता येईल: जोर असलेल्या धोट्याला धोट्याने मारायचे नाही, हत्ती-घोड्यांनी खुशाल मारावे. माझे मत विचाराल तर हा नियम पहिल्या डावापासूनच असावा. त्यामुळे दोन धोटे एकाच ओळीत एकमेकांना रोखून उभे राहू शकतात, आणि त्यातल्या एकाचा जोर काढून घेणे हाच मग त्या डावाचा झगडा होतो.